पत्त्याचा ठोकळा आणि गिरडचा गजेंद्र

“तू सकाळपासून आमच्याच टेबलाकडे काऊन पाहून राह्यला?”

विचारलं! खरंच विचारलं! मागे मेघा आणि बाकीच्या पोरी ओढण्या तोंडावर धरून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती – “गोपिका, हिंमत असन तर जाऊन विचार त्याले.” दहावीपर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. पण अकरावीत आले आणि काय झालं कोण जाणे... आवाज आलाय मला! बस्स, उठले आणि गेले.

तो गोरामोरा झाला. उंच, गळ्यात मफलर, हातात अर्धं सोललेलं संत्रं. छातीवरच्या बिल्ल्यावर लिहिलं होतं – गजेंद्र, गिरड.

“टेबलाकडे नाई...” तो अडखळला. “तुह्या पत्त्याकडे.”

“काऊन? घरी येतो काय?”

“नाई नाई! स्क्रीनवरचा पत्ता! तू तो एकदाच बनवला अन् ऑर्डरीत, मालाच्या पावतीत, बिलात – तिन्हीकडे तोच लावला. मी तीनदा बनवला. तिन्ही वेगळे निंगाले!”

आता सांगा, बाकीच्या पोरींच्या डोळ्यांवर, केसांवर पोरं भाळतात. माझ्या नशिबात पत्त्याच्या ठोकळ्यावर भाळणारा! तरी कान गरम झाले. काय करणार?

बोरगाव मेघेला आमचं शिबिर होतं. भाजी पिकवणाऱ्यांच्या एका गटाला ऑर्डर, पावती, बिल असे सगळे कागद कॉम्प्युटरवर हवे होते. तेही ठरलेल्या पद्धतीचे, म्हणजे आपण पाठवलेलं समोरच्याच्या कॉम्प्युटरला आपोआप वाचता यावं. प्रत्येक कागद नव्यानं रचत बसायचं नाही. पत्ता, माल, माप असे ठोकळे एकदाच करायचे आणि सगळीकडे तेच वापरायचे. मॉडेल एकट्यानं करा नाहीतर जोडीनं. ज्याचं मॉडेल गट घेईल, तो (जोडी असेल तर दोघंही) मे महिन्यात नागपूरला शिकायला जाणार. मला जायचंच होतं! इतकं, की कोणते ड्रेस न्यायचे तेसुद्धा ठरलं होतं. आणि मी एकटीनंच मॉडेल केलं होतं. जिंकायचं तर एकटीनंच, असा माझा हट्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाबाहेर तर्री-पोह्यांच्या गाडीवर तो पुन्हा भेटला. म्हणजे... भेटला, की मी तिथेच रेंगाळले, ते विचारू नका.

“दाखव ना तुह्यं पूर्ण मॉडेल,” तो म्हणाला.

“दुश्मनाले दाखवू?”

“पोहे खाऊ घातले तरी दुश्मनच काय मी?”

मी लॅपटॉप उघडला. नमुन्याला आमच्याच घरचं बिल होतं. तो वाचत गेला, आणि त्याच्या कपाळावर आठी आली.

“तुमच्या घरचा सांबार कोण विकते?” सांबार म्हणजे आमची कोथिंबीर.

“आई. जुड्या तीच बांधते, पुलगावच्या बाजारात तीच बसते.”

“मंग ती हाये कुठं याच्यात?”

मी स्क्रीनकडे पाहिलं. ‘शेतकरी’ म्हणून एक ठोकळा. तो नेहमी विकणारा, आणि नाव सातबाऱ्यावरचं, म्हणजे बाबांचं. ‘व्यापारी’ म्हणून दुसरा ठोकळा. तो नेहमी घेणारा. आई दोन्हींत नव्हती. जिच्या हातांना बाराही महिने सांबाराचा वास येतो, तिला मी माझ्या हातानं बाहेर ठेवलं होतं.

“गप बसला असता तर तूच जिंकला असता,” मी म्हटलं. “काऊन सांगितलं?”

त्यानं मफलरचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

“नागपूरले मले जायचंच हाये. पण... तू तिथं नसशील तर मजा काय?”

मी धावतच शिबिर घेणाऱ्या मधुकर सरांकडे गेले. “सर, माझ्या मॉडेलवर अजून एक नाव टाका. जोडीनं करतो आम्ही!”

मेघानं माझा दंड धरला. “पागल झाली काय वं? अर्धं बक्षीस देऊन राह्यली!”

“अर्धं नाई, पुरं करून राह्यली.”

आणि काय बसलो आम्ही! माणूस आता एकदाच मांडायचा, नुसता माणूस. तो विकणारा की घेणारा, हे त्या-त्या कागदानं सांगायचं. तीच माझी आई, मंदाबाई, एका बिलात सांबार विकणार, दुसऱ्यात बियाणं घेणार! सुचलं तेव्हा दोघंही एकदम ओरडलो, दोघांचेही हात एकदम माउसवर पडले. त्याच्या बोटांना संत्र्याचा वास...

“सॉरी.”

“सॉरी काऊन?” मी म्हटलं. हात मात्र दोघांनीही जरा उशिरानंच काढला.

दुपारी गटातल्या एका काकूंनी सांबाराच्या जुड्यांची ऑर्डर टाकली. खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्युटरवर बिल आलं, सगळं जिथल्या तिथं. विकणारी: मंदाबाई. काकू कितीतरी वेळ त्या ओळीकडेच पाहत होत्या. “हेच पाह्यजे आमाले,” त्या म्हणाल्या. गटानं आमचंच मॉडेल घेतलं!

बसस्टँडवर गजेंद्रनं संत्र्याची फोड माझ्यापुढे केली.

“आता मी एक विचारू?”

“विचार.”

“तू कालपासून माह्याचकडे काऊन पाहून राह्यली?”

“तुह्याकडे नाई, संत्र्याकडे,” मी म्हटलं. आमच्या नाचणगावची गाडी लागली. मी पायरीवर चढले, वळले... “नाई. तुह्याचकडे!”

त्याच्या हातातलं संत्रं खाली पडलं. शप्पथ!

घरी आले तर आई जुड्या बांधत होती, बाबा पाय धूत होते. मी आईसमोर मोबाईल धरला. ओल्या बोटानं तिनं एकेक अक्षर लावलं.

“माह्यं नाव? बिलावर?”

“हो. विकणारी तूच ना!”

“अन् मी कुठं गेलो वं?” बाबांनी तांब्या खाली ठेवला.

“तुम्हीही हायेत बाबा. वांग्याच्या बिलात!” मी दोघांच्या मधे उभी राहिले. आणि आवाज... आवाज अगदी ओसरीपलीकडे जाईल असा निघाला.

“आता ऐका दोघंही. मे महिन्यात मी नागपूरले चालली, शिकायले. पोरींचं होस्टेल वेगळं हाये. बारावीनंतरही हेच शिकणार, पक्कं ठरलं माह्यं. अन् संग गिरडचा गजेंद्र येणार हाये. तो मले आवडते. बाजारात कोणी तुम्हाले सांगायच्या आधी मीच सांगून राह्यली!”