दुसरा अँगल

ताईचे शेवटचे चित्रीकरण एका डीव्हीडीवर आहे आणि ती कुठल्याही यंत्रात चालत नाही, कारण मी विद्वान आहे. कॅमेऱ्यासोबतची पुस्तिका वाचणे मला कमीपणाचे वाटले. रेकॉर्डिंग संपले की डिस्क ‘बंद’ करावी लागते, म्हणजे तिच्यावर काय आहे त्याची अनुक्रमणिका यंत्राकडून लिहून घ्यावी लागते. तरच ती इतरत्र वाचता येते. तो कॅमेरा पुढे मोडीत गेला; डिस्क मी उघडीच ठेवली होती. इतरांच्या ग्रंथांतील अनुक्रमणिकांच्या चुका काढण्यात हयात घालवलेल्या माणसाने.

कोश ताईचा होता. एकोणीस वर्षांचे काम. मुखपृष्ठावर नाव माझे आले आणि समीक्षकांनी माझ्या चिकाटीची वाखाणणी केली. यावरून समीक्षकांची चिकाटी कळते. त्या चित्रीकरणाच्या शेवटी मी तिला विचारले होते, “ताई, मला माफ केलंस का?” ती भिंतीकडे वळली आणि दोन-तीन शब्द बोलली. मला ते ऐकू आले नाहीत. पुन्हा विचारण्याचे धैर्य झाले नाही. चौदा वर्षे मी त्या शब्दांवाचून काढली. आता काढवत नाहीत.

दुपारी दुरुस्तीवाल्याचे दुकान रिकामे होते. त्याने डिस्क उजेडात धरली. कडेने तपकिरी डाग आत सरकले होते.

“सर, ही सडायला लागलीय. एकदा चालेल. दुसऱ्यांदाची खात्री नाही.”

“एकदा पुरे.”

त्याने संगणकावर एक जुना प्लेअर उघडला. “हा प्रोग्राम आडदांड आहे. अनुक्रमणिका मागत नाही, सापडेल ते वाचत सुटतो. तुमच्या विद्यार्थ्यांच्या अगदी उलट.”

चित्र आले. पलंग, फिकट निळी भिंत, उशीला टेकलेली ताई. माझा प्रश्न. ती वळली. अस्पष्ट गुणगुण आणि तिच्या मानेवरचे विरळ केस, एवढेच. मी टेबलाची कड घट्ट धरली.

“हे काय?” दुरुस्तीवाला पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहत म्हणाला. “अँगल, दोनपैकी पहिला. दोन कॅमेरे लावले होते का, सर? लग्न होतं की काय?”

“एकच होता.”

“मग दुसरा आला कुठून? ते सिनेमाच्या डिस्कवर असतं. घरच्या कॅमेऱ्याला तसं लिहिताच येत नाही.”

“लावा.”

“राहू द्या ना, सर.”

“लावा म्हटलं ना.”

तेच मिनिट पुन्हा सुरू झाले. अँगल बदलला तरी आवाज बदलत नाही, हा या डिस्कचा नियम. तो पाळला गेला. पण आता ताईचा चेहरा कडेने, वीतभर अंतरावरून दिसत होता. तिच्यापलीकडे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तिपाईवरचा कॅमेरा आणि त्यामागे मी.

मी हिशोब मांडला. सवय सुटत नाही. पलंग भिंतीला चिकटून होता. हे जिथून दिसत होते, तिथे विटा होत्या.

दुरुस्तीवाल्याने खुर्ची मागे सरकवली.

“ताई, मला माफ केलंस का?”

ती वळली. थेट इकडे. आवाज तोच अस्पष्ट, पण आता ओठ दिसत होते. आवाज आणि ओठ जुळले आणि शब्द उमटले.

“सांगू का त्याला?”

ती मला विचारत नव्हती. डोळे वर करून ती थांबली होती, घरातल्या थोरल्यांची परवानगी घ्यावी तशी.

कुणी मान हलवावी तसे चित्र हलले. सावकाश डावीकडे. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

ताईने समजल्यासारखी मान डोलावली आणि ओठ मिटले.

डिस्क घरघरली आणि थांबली. पुन्हा ती वाचली गेली नाही.

त्या चित्रीकरणानंतर ताई अकरा दिवस जगली होती, एक शब्दही न बोलता. पाणी हवे का, असे मी विचारले की ती आधी भिंतीकडे पाहायची. मगच पेल्याला हात लावायची.