पाचव्या चौकीला परवानगी नाही

भूत म्हटलं की लोकांना अमावास्येची रात्र लागते. माझ्याकडे ती नाही. ही भर दुपारची गोष्ट आहे, आणि खरी आहे.

ज्याला विश्वास ठेवायचा नाही त्याने खुशाल ठेवू नये. पण माझ्या मावशीला, दुदूझिले झोंडीला, तोंडावर खोटारडी म्हणायची हिंमत आमच्या डोंगराळ अंडरबर्ग गावात अजून कोणी केलेली नाही.

दुदू मावशी शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी रेडिओ चालवायची. हौशी रेडिओवाली. पगार नाही, भत्ता नाही. पूर आला, वणवा पेटला, मोबाइल मुके झाले, की आमच्या डोंगरात निरोप पोचवतं कोण? हीच मंडळी. पेट्रोल स्वतःचं, बॅटरी स्वतःची, वर लोकांचे टोमणे फुकट.

दर सप्टेंबरात डोंगरावर धावायची मोठी शर्यत असते. वाटेत चौक्या, प्रत्येक चौकीवर एक रेडिओवाला, आणि खाली तंबूत कंट्रोल. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर. याला ते 'नेट' म्हणतात. नेटचा एक कायदा आहे.

कंट्रोलने हाक मारून मोकळं केल्याशिवाय चौकी सोडायची नाही.

आमच्याकडचे म्हातारे रेडिओवाले बाबा हादेबे, त्यांनी तो कायदा पाळला. म्हणून तर गेले.

दोन वर्षांपूर्वी ते पाचव्या चौकीवर होते. अगदी वर, गुराख्यांच्या जुन्या दगडी खोलीत. अचानक बर्फ सुरू झालं. खाली कंट्रोलवर रेडिओवाल्यांच्या क्लबचा अध्यक्ष डर्क होता. वीज पडली, एरियल जळाली. डर्कने घाईघाईत दुसरी लावली, ज्यांनी ओ दिली त्यांना मोकळं केलं, आणि नेट बंद करून टाकलं.

पाचव्या चौकीला हाक मारायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा सापडले ते बसलेलेच. माइक मुठीत. वाट बघत बघत गोठले होते.

त्यांची मुलगी नोम्पिलो रानबोरीची फांदी घेऊन वर गेली. आमच्यात माणूस घरापासून लांब मेला की त्याला असंच घरी आणतात. जिथे प्राण गेला तिथे फांदी टेकवायची. "चला बाबा, घरी जाऊ," म्हणायचं. मग वाटभर त्याच्याशीच बोलायचं, जिवंत माणसाशी एक अक्षर नाही. टॅक्सीतसुद्धा त्याची जागा रिकामी ठेवायची.

नोम्पिलोने सगळं नीट केलं. फांदी घरी आली.

बाबा आले नाहीत.

ते तिच्या स्वप्नात यायचे. त्याच दगडी खोलीत बसलेले. म्हणायचे, "अजून मोकळं केलं नाही गं मला."

ती हे डर्कला सांगायला गेली तर डर्क उखडला. "हवामानाने माणूस मेला, माझ्यावर काय ढकलता?" तेव्हापासून क्लबात पाचव्या चौकीचं नाव काढायची सोय राहिली नाही. वरची वाटही खचली. यंदा शर्यत खालूनच वळवली होती. त्या खोलीत ना माणूस होता, ना रेडिओ.

हे नीट लक्षात ठेवा. रेडिओ नव्हता.

यंदा कंट्रोलवर दुदू मावशी होती. सकाळ निवांत गेली. तंबूत चहा, अमाग्विन्या म्हणजे आमचे तळलेले पिठाचे गोळे, डर्कची तीच ती भाषणं.

दुपारी धुकं उतरलं.

मग चौथ्या चौकीवरून निरोप आला. एक धावणारी पोरगी पोचलेली नाही. डर्बनची, कॉलेजातली. अंगावर पातळ बनियन आणि अर्धी चड्डी. थोड्याच वेळात वर बर्फ भुरभुरायला लागलं.

अशा थंडीत माणूस किती टिकतं ते मावशीला ठाऊक होतं. बाबा हादेबेंच्या प्रेताला तिने स्वतः पांघरूण घातलं होतं.

शोधपथक खालच्या दरीकडे निघालं. मावशीने प्रत्येक चौकीला हाक मारून विचारलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. कोणी काही पाहिलं नव्हतं.

तिने बटण सोडलं.

आणि स्पीकरमधून...

टक्. टक्.

बोलण्याआधी माइकवर दोनदा बोट आपटायची खोड एकाच माणसाला होती.

"कंट्रोल... पाचवी चौकी. ऐकू येतंय का? ओव्हर."

मावशीने रेडिओच्या काट्याकडे बघितलं. कोणी बोललं की सिग्नलचा काटा उसळतो. कितीही लांबून बोला, थोडा तरी हलतोच.

काटा शून्यावर होता.

"कोण तरी माजोरडा मस्करी करतोय," डर्क म्हणाला. तोंड पांढरंफटक. "उत्तर देऊ नकोस, दुदू."

"पाचवीवर एक लेकरू आलंय," आवाज म्हणाला. "पाय मुरगळलाय. नाव प्रिनेशा सांगतंय. कुडकुडतंय फार."

आता ऐका. हरवलेल्या माणसाचं नाव ही मंडळी रेडिओवर कधी म्हणजे कधीच घेत नाहीत. घरचं कोणी ऐकत असेल तर काय घ्या? पोरीचं नाव तंबूतल्या मावशी आणि डर्क या दोघांनाच माहीत होतं.

मावशीने माइक उचलला.

"दुदू! ती चौकीच नाहीये!" डर्क ओरडला. "ओळखीचं कॉलसाइन नाही, काही नाही. अशा निरोपावर पथक हलवता येत नाही, नियम आहे."

"नियम मला शिकवतोस? तू?"

डर्कची मान खाली गेली.

"कंट्रोलवर मी आहे," मावशी म्हणाली. "पोरगी मेली तर तिच्या आईसमोर तुझं नियमांचं पुस्तक वाचून दाखव. आत्ता गप्प बस."

तिने पथकाला दरीतून मागे वळवलं. वर, दगडी खोलीकडे. पथकाचा म्होरक्या कुरकुरला, "मा, तिकडे वाट नाही." मावशीने ठणकावलं, "मग वाट करा!"

पोचायला वेळ लागणार होता. बर्फ वाढत होतं.

"पाचवी, कंट्रोल," ती म्हणाली. आवाज कापू दिला नाही. "माणसं येताहेत. तिला बोलतं ठेवा, भुंगाने. झोपू देऊ नका. ओव्हर."

भुंगाने हे हादेबेंचं कुळाचं नाव. मानाने घ्यायचं.

पलीकडून हळूच आवाज आला, "माझोंडी? तू आहेस होय? बरं झालं. पोरी, मला मोकळं कर आता. फार दिवस झाले."

झोंडींच्या लेकीला आमच्यात मानाने 'माझोंडी' म्हणतात. मावशीचे डोळे भरून आले.

तेवढ्यात तंबूचं दार सरकलं. नोम्पिलो आत आली, हातात रानबोरीची फांदी. शर्यतीच्या दिवशी डोंगरावर माणसांची ये-जा असते, म्हणून बाबांना घरी न्यायला ती पुन्हा आली होती. वडिलांचा आवाज ऐकून जागच्या जागी थिजली.

"माझी लेक आलीय ना खाली?" स्पीकर म्हणाला. "बोरीचा वास येतोय..."

"बाबा!" नोम्पिलो माइककडे झेपावली. मावशीने तिचं मनगट धरलं.

"मा, सोड त्यांना! एक वाक्य बोलायचंय तुला. एक!"

"मग त्या पोरीजवळ कोण राहील?"

"मला काय त्याचं! दोन वर्षं माझा बाप त्या थंडीत बसलाय. जिवंतपणी अडवलंत, आता मेल्यावरही अडवणार?"

मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. पोरीचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं.

"कंट्रोल," आवाज काकुळतीला आला होता. "मला सोडा. ओव्हर."

मावशीने बटण दाबलं.

"पाचवी, परवानगी नाही. जागेवर राहा."

नोम्पिलोने तिला मारलं. खरंच मारलं, छातीवर, दोन्ही मुठींनी. मावशीने मार खाल्ला, पण माइक सोडला नाही.

"थकलोय मी, माझोंडी."

"थकायचं नाही. तुम्ही हादेबे आहात."

"अंधार येतोय..."

"येऊ दे. परवानगी नाही."

बाबा रडायला लागले. मेलेलं माणूस रडताना कसं ऐकू येतं, ते मावशीने मला कधीच सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी ती उठून गेली.

पण त्या दिवशी ती उठली नाही. भूत असो नाहीतर देव असो, माझ्या नेटवर हुकूम माझा चालेल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. ते विचारत राहिले. ती नाही म्हणत राहिली. काटा शून्यावरच.

मग पथकाचा आवाज आला. काटा ताडकन उडाला.

"कंट्रोल, सापडली! जिवंत आहे! दगडी खोलीत!"

मावशीने माइक उचलला आणि डर्कसमोर धरला.

"घे."

"मी? मी काय..."

"त्या दिवशी नेट तुझं होतं. मोकळं करायचं तुझं राहिलं, तूच मोकळं कर. घाबरतोस काय? चौकीच नाहीये ना वर?"

डर्कने बटण दाबलं.

"पाचवी चौकी... डर्क बोलतोय. बाबा हादेबे... चूक माझी झाली. तुम्हाला मोकळं केलंय. घरी जा. ओव्हर."

सगळे स्पीकरकडे बघत राहिले.

टक्. टक्.

त्यानंतर नुसती खरखर.

नोम्पिलोने डोळे पुसले. वर दगडी खोलीपर्यंत जायची गरज उरली नव्हती, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिने जमिनीवर पडलेली फांदी उचलली. येताना एका हातात झुलवत आणलेली फांदी आता तिला दोन्ही हातांनी पेलावी लागत होती.

"चला बाबा. तंबूचं दार आहे, वाका जरा."

ती निघून गेली. मावशीकडे वळून बघितलं नाही, बोलली नाही. बोलायचं नसतंच. पण नंतरही, आजतागायत, ती मावशीशी बोललेली नाही.

बाबा मात्र पुन्हा स्वप्नात आले नाहीत.

डर्कने अध्यक्षपद सोडलं. त्या आवाजाची वाच्यता करू नका, हसं होईल, असं क्लबातल्या शहाण्यांनी बजावलं. मावशी म्हणाली, "मी तर सगळ्यांना सांगणार. ज्याला हसायचंय त्याने माझ्यासमोर येऊन हसावं." कोणी आलं नाही.

इथवर मावशी ही गोष्ट छाती पुढे काढून सांगते.

पुढचं तिने एकदाच सांगितलं, मला.

दोन-तीन दिवसांनी ती त्या पोरीला बघायला इस्पितळात गेली. प्रिनेशा उठून बसली होती, आईने आणलेली खिचडी खात होती. मावशी कोण ते कळल्यावर तिने तिचा हात हातात घेतला, गालाला लावला. आंटी, तुम्ही मला वाचवलंत, म्हणाली.

मावशीने विचारलं, "तिथे फार भीती वाटली का गं, बाळा? त्या म्हाताऱ्याची?"

"नाही हो. किती चांगला होता तो. माझ्या पाठीला पाठ लावून बसला होता. गोष्टी सांगत होता."

तिने दाराकडे बघितलं. आवाज अगदी खाली आणला.

"भीती त्या बाईची वाटली."

"कुठल्या बाईची?"

"खोलीत रेडिओबिडिओ काही नव्हतं, आंटी. ती भिंतीतून बोलायची. तो बिचारा गयावया करायचा, मला जाऊ दे म्हणायचा. आणि ती म्हणायची, नाही. रडला तरी नाही. मी कान झाकले तरी ऐकू यायचं... कोण होती हो ती?"

मावशी खोटं बोलत नाही.

"मी होते," ती म्हणाली.

पोरीने हात काढून घेतला. आणि हळूहळू सरकत पलंगाच्या पार कडेला, आईकडे गेली.

"पुन्हा तीच वेळ आली, तर पुन्हा नाहीच म्हणेन," मावशीने मला सांगितलं. चहाचा कप ताडकन खाली ठेवून, माझ्या डोळ्यांत डोळे घालून.

पण मग तिने विचारलं ते मला अजून झोपू देत नाही.

"त्या भिंतीतून मी अजून बोलत नसेन ना गं?"