मागच्या सीटकडे वळणारा आरसा

ही घटना खरी आहे. कामठ्याच्या ओमेश्वर टेंभरेच्या शेडात घडलेली. साल २००९, दिवाळीनंतरच्या मंडईची, म्हणजे गावच्या जत्रेची, आदली संध्याकाळ.

थाप वाटली तर वाटू द्या. ओमेश्वरला थाप मारता येत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणायचा त्याला नाद. या खेपेला बोदलकशाहून एक फियाट आणली होती. तलावाकाठच्या गुरांच्या कोठ्यात कित्येक वर्षं पडलेली. मालकाच्या घरच्यांनी ती इतक्या घाईनं देऊन टाकली, की त्यालाच नवल वाटलं.

तो आणि धाकटा भाऊ तिलक, दोघांनी पत्रा ठोकला, इंजिन खोलून पुन्हा बांधलं, आकाशी रंग दिला. वडील गेल्यावर तिलकला त्यानंच वाढवलं होतं. भाऊ म्हणा, लेक म्हणा, त्याच्यावर ओमेश्वरचा फार जीव.

मग आरशाचं सुरू झालं.

एका सकाळी तो लवकर शेडात आला. गाडीतला आरसा खाली वळलेला...

मागचा रस्ता दिसतच नव्हता. दिसत होती फक्त मागची सीट.

त्यानं सरळ केला. काही दिवसांनी पुन्हा तसाच.

मागच्या सीटवर कोणाला बघायचं असतं? ओमेश्वरच्या डोक्यात किडा वळवळला. तिलक चोरून गाडी काढतो. कोणा पोरीला फिरवतो.

त्यानं पेट्रोल तपासलं. जसंच्या तसं होतं. तरी संशय काही जाईना.

मंडईच्या आदल्या संध्याकाळी तो बाजारातून परतला. शेडाचं दार अर्धवट उघडं...

आत तिलक. गाडीत बसलेला. हात आरशावर.

"कोणाले फिरवून राहिला बे?"

"कोणालेच नाई, दादा. ऐक तं..."

"चाल, निघ इथून!"

तिलक पिशवी उचलून फुलचूरला मित्राकडे निघून गेला.

ओमेश्वरनं शेडाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

सकाळी कुलूप उघडलं...

आरसा वळलेला होता.

किल्ली तर रात्रभर त्याच्याच कमरेला होती. त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. बिचाऱ्या पोराला उगाच हाकललं! त्यानं आरशाचा स्क्रू आवळला, बायको योगेश्वरीला शेजारी बसवलं, लहानग्या लेकीला, सोनिकाला मागे, आणि भावाला आणायला तीच गाडी काढली.

गाडी मस्त धावत होती.

पण फुलचूर येईपर्यंत आरसा हळूहळू खाली वळत राहिला...

त्यानं सरळ करायला हात लावला. काच ओली होती.

तिलक अंगणातच भेटला. ओमेश्वरनं सरळ त्याचे हात धरले. "चुकलो रे. चाल घरी."

"तुयी शपथ दादा, मी आरसा फिरवत नव्हतो. तू येच्या आगोदर रोज सीधा करून राहिलो होतो."

"मंग सांगतला काऊन नाई?"

"तू किती जीव लावला होता त्या गाडीले. अन् आरसा तं काईच नाई..." तिलक जवळ सरकला. "मागची सीट ओली राहे. एकाच बाजूनं. कोणी बसून गेल्यावानी. तेच पुसत होतो."

त्यानं रस्त्यावर उभ्या गाडीकडे पाहिलं. वहिनी पुढून उतरत होती.

"दादा... सोनिका कुठं बसून आली?"

दोघंही धावले.

सोनिका मागेच होती. पाय पोटाशी घेऊन दाराला चिकटलेली. बाकीची सगळी सीट रिकामी.

"एवढी जागा आहे, अशी काऊन बसली, बाई?"

सोनिकानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना, बाबा. ती आत्ताच झोपली."

ओमेश्वरनं लेकीला ओढूनच बाहेर काढलं. घरी सगळे एसटीनं आले. गाडी दुसऱ्याच दिवशी भंगारात गेली.

तिलक परत शेडात काम करतो. दोघे भाऊ त्या फियाटचं नावही काढत नाहीत.

पण सोनिका आजही पलंगाच्या अगदी कडेला झोपते. बाजूला एका माणसाची जागा सोडून.

योगेश्वरी म्हणते, विचारा ना तिला एकदा, ही जागा कोणासाठी.

ओमेश्वरची अजून हिंमत झालेली नाही.