मधल्या काचेच्या दोन बाजू

फोन वाजला तेव्हा निवृत्तीच्या तोंडात पाइप होता. माशांच्या टाकीतलं जुनं पाणी तो बादलीत ओढून काढत होता. बायकोनंच, सरूनंच, दवाखान्यातून पाठवलं होतं त्याला, "पाणी बदलून या, चार दिवस झाले," म्हणून. फोनवर मेहुणा होता. "दाजी, ताई गेली," एवढंच म्हणाला.

निवृत्ती फोन कानाला धरून बसून राहिला. बादली भरली, वाहू लागली, पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं. अकरा वर्षांच्या संसारात त्या घरात पाणी असं वाया गेलं नव्हतं.

सरूची आणि त्याची पहिली गाठ पडली तेव्हाही हाच पाइप त्याच्या तोंडात होता.

चौसाळ्याजवळचं तळं आटलं त्या वर्षाची गोष्ट. मच्छीमार सोसायटीच्या होड्या भेगाळलेल्या चिखलात पालथ्या पडल्या होत्या. चेअरमन मोहनरावांनी ठरवलं, तळ्यात मासे नाहीत तर काचेत वाढवू, शोभेच्या माशांना बीडला गिऱ्हाईक आहे. प्रत्येक सभासदाला एक टाकी आणि पट्टेरी सिक्लिड माशांची एक जोडी मिळाली. सरू वडिलांच्या नावावरची जोडी घेऊन टेम्पोतून निघाली आणि रस्त्यातल्या खड्ड्यानं तिची टाकी तडकली. दुधाच्या किटलीत दोन मासे घेऊन ती सगळ्यात जवळच्या सभासदाच्या, निवृत्तीच्या, दारात उभी राहिली.

"टाकीत जागा हाय का?"

निवृत्तीनं नुसती मान हलवली.

"हाय म्हणता का न्हाई म्हणता?"

त्यानं घाईनं पाइप काढला, घोटभर पाणी घशात गेलं आणि ठसका लागला. सरूनं ओठ दाबले, पण हसू डोळ्यांत दिसायचं ते दिसलंच.

जागा होती. त्यानं टाकीच्या मधोमध काच बसवली, दोन्ही बाजूंना अंड्यांसाठी मडक्याचं एकेक खापर ठेवलं. टँकरच्या पाण्याला औषधाचा वास यायचा. ते एक दिवस घागरीत उघडं ठेवून मगच टाकीत ओतायचं. म्हणून सरू रोज संध्याकाळी कडेवर घागर घेऊन यायला लागली.

खापरावर अंडी आली की या माशांना शेजार सहन होत नाही. दोन्ही नर काचेवर धडका मारू लागले.

"तुमचा नर लई भांडखोर हाय," सरू म्हणायची.

"तुमची मादी काय कमी न्हाई. नवऱ्याच्या आधी ती पुढं येती."

"यावंच लागतंय. नवरा एकटा पडला तर?"

मधल्या काचेवर शेवाळ धरायचं. आपापल्या बाजूनं दोघं ती पुसत. काचेच्या अल्याड-पल्याड दोघांची बोटं एका जागी आली की सरू तेवढीच जागा जरा जास्त वेळ पुसायची... आणि बघायची मात्र माशांकडं.

निवृत्तीला त्या धडका बघवेनात. एका सकाळी त्यानं मधल्या काचेला काळा प्लास्टिकचा कागद लावला. टाकी शांत झाली. संध्याकाळी सरूनं ते पाहिलं. "आता काय काम उरलं माझं?" असं म्हणून घागर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी घागर घेऊन तिचे वडील आले.

तिसऱ्या दिवशी निवृत्तीच्या नरानं आपल्याच मादीची शेपूट फाडली. ती बिचारी वरच्या कोपऱ्यात अंग चोरून होती. पलीकडं सरूच्या मादीचीही तीच गत. निवृत्ती सायकल काढून थेट सरूच्या दारात गेला.

"मासे एकमेकांना मारायलेत. चला."

सरू आली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि कागद ओढून काढला.

"कावून झाकलं हे?"

"भांडण नको म्हणून."

"अहो, समोर कुणी दिसंना, म्हणून घरातल्या घरात भांडायलेत. राग काढायचा कुणावर त्यांनी?"

तिनं कागद कापला. खालचा भाग खापरापुरता झाकला, वरची एक वीत काच उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी निवृत्तीचा नर त्या वीतभर उघड्या काचेवर धडका देत होता आणि फाटक्या शेपटीची मादी त्याच्या मागं उभी होती. पंधरवड्यात खापराभोवती पिल्लं दिसू लागली.

मग मोहनरावांनी सरूसाठी नवी टाकी पाठवली. ती किटली घेऊन आली. निवृत्ती पाइप तोंडात धरून बसला होता. पाणी कालच बदललं होतं, तरी.

"नेऊ का मासे?"

त्यानं पाइप काढला नाही.

"मी नेले की तुमचा नर परत मादीला धरंल."

मान हलली.

"मग मला हितंच यावं लागंल. रोज."

पुन्हा मान.

तिनं हळूच पाइप काढून घेतला. "आता बोला."

"रोज येण्यापेक्षा... जाऊच नका."

सरू पिल्लांकडं वळली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी भांडंन," ती म्हणाली. "चालंल?"

"समोर असल्या म्हंजी बास."

किटली त्या दिवशी रिकामीच परत गेली.

माशांच्या कितीतरी पिढ्या झाल्या, काच तीच राहिली. ठरलेलं होतं, त्याची बाजू तो पुसणार, तिची ती. त्याचा हात चुकून पलीकडं गेला तर ती बोटांवर चापट मारायची आणि म्हणायची, "हद्दीत राहा."

तिला जाऊन दोन महिने झाले. वरच्या वीतभर उघड्या काचेवर तिच्या बाजूनं शेवाळ दाट झालं आहे. पलीकडची जोडी आता दिसत नाही, आणि परवापासून निवृत्तीचा नर आपल्याच मादीच्या मागं लागला आहे. काय करायचं ते निवृत्तीला माहीत आहे. फडकं धुऊन, पिळून टाकीच्या कडेवर ठेवलं आहे.

तिच्या बाजूची काच पुसायची राहिली आहे.