न दमणारा हात

बसा, गिरधरभाऊ. तुमच्या मोटेचा दोर अजून चार हात वळायचा राहिलाय. तोवर सांगतो, हा माझा हात असा कसा झाला ते.

नऊ वर्षं झाली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस, टळटळीत दुपार. आमच्या कोरीट गावात आखाजीला बाया झोके घेतात आणि बाप्ये फासे खेळतात. त्या दिवशी कोणी नावं ठेवत नाही. फासे टाकण्यात माझ्या बापाचा, उखाचा, हात धरणारा गावात कोणी नव्हता. उसाच्या चरकात त्याचा अंगठा गेला, तरी चार बोटांनी मागेल ते दान पाडायचा. तो वारल्यावर ती कला माझ्या हातात आली आणि मिजास डोक्यात.

पण त्या वर्षी आखाजीआधी चार दिवस मी विहिरीचा गाळ उपसत होतो. खांद्यापासून बोटांपर्यंत हात भरून आला होता. सकाळी बापाच्या नावाची पूजेची घागर भरताना निम्मं पाणी सांडलं; तिच्यावर डांगराचं फळ ठेवलं. आई म्हणाली, "भिला, थकेल हाते फासा टाकू नको. आज पितर घर येतस." मी हसलो आणि निघालो. शहाणपण आमच्या घरात उशिराच येतं.

निंबाखाली गावातला मोतीलाल फासे घेऊन बसला होता. आधी बारा पाडेल तो जिंकला, असा डाव. माझी बोटं फासे वेळेवर सोडेनात. बारा मागावे तर तीन पडावे. चांदीचं कडं गेलं, नवं पागोटं गेलं. मी इरेला पेटलो आणि बैल लावला. माझा खैऱ्या. वासरू होता तेव्हापासून मी त्याला हाताने चारलेलं. समोरच सावलीत तो रवंथ करत उभा होता.

"हात थरथरी ऱ्हायना तुन्हा," मोतीलाल हळूच म्हणाला. "ऱ्हाऊ दे, भिला..."

मी फासे उचलले. तेवढ्यात मागून एक गार, ओला हात माझ्या मनगटावर बसला. विहिरीच्या गाळाचा वास आला. चार बोटं लागली... अंगठा नव्हता. वळून पाहण्याची माझी छाती झाली नाही. हातातला सगळा शीण मात्र कोणी ओढून घ्यावा तसा निघून गेला.

बारा पडले. बैल राहिला. पुन्हा बारा, कडं परत आलं. पुन्हा बारा... मला थांबायचं होतं, पण हात थांबेना.

"भिला," मोतीलाल कुजबुजला, "तुन्हा बैल दख..."

खैऱ्या गुडघ्यांवर आला होता. तोंडाला फेस, अंग घामाने चिंब, दिवसभर मोट ओढल्यासारखं. आणि त्या दिवशी त्याच्या मानेवर जू चढलंच नव्हतं. मी धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान टाकली. चारचौघांत रडलो मी, भाऊ.

घरी घागर कोरडी ठणठणीत, तिच्यावरचं डांगर मात्र जागच्या जागी. आई एवढंच म्हणाली, "शीण मरस नही रे. तो दुसराले लागस..."

तेव्हापासून मी फाशांना शिवलो नाही. पण हात काही दमत नाही. आज पहाटेपासून दोर वळतोय, बोटं ताजीच आहेत.

हा घ्या, झाला तुमचा दोर. गिरधरभाऊ...? तुम्ही तर नुसते बसून होतात. मग एवढा घाम कशाचा? आणि मान अशी का टाकताय...