सहाशे त्रेसष्ट

"सर, आपण वापरत नसतो तेव्हा कॉम्प्युटर काय करतो?"

विचारायला लावलं मैत्रिणींनी. शेवटच्या तासाला सरांना काहीतरी विचारून दाखव, नाहीतर तू नुसत्याच फुशारक्या मारतेस, अशी पैज होती. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा कुजबुजायचे. वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले तेव्हापासून माझ्या जिभेला पाय फुटलेत, असं आई म्हणते. मी ताठ उभी राहिले आणि विचारलं. वर्ग हसला, सर हसले नाहीत.

"तो रिकामा बसलाय असं आपल्याला वाटतं," ते म्हणाले. "तेव्हाच तो राहिलेली कामं उरकत असतो."

प्रश्न अगदी खरा होता, हे मैत्रिणींना ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्या कॉम्प्युटरने आठवडाभर हेच चालवलं होतं. वापरत राहिलं तर सुतासारखा सरळ. पंधरा मिनिटं तसाच सोडला की माउसचा बाण चिखलातून पाय ओढत यायचा आणि एक खिडकी उघडेपर्यंत माझं दप्तर भरून व्हायचं. आमच्या घरातली मेकॅनिक मीच. शेजारच्या काकूंचा प्रिंटर दुरुस्त केल्यापासून बाबा मला "इंजिनिअर बाई" म्हणतात, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडेच आलं. मी स्क्रीनसेव्हर बंद केला. व्हायरस शोधले. ब्रशने धूळ काढली, त्यात एक हरवलेलं कानातलं सापडलं. इंटरनेटची वायरसुद्धा उपटली. फरक शून्य.

मग बुधवारी शाळेतून आल्यावर मी बरणीला टेकवून फोन उभा केला आणि टेबलाचा तासभर व्हिडिओ घेतला. बघायला बसले. रिकामी खुर्ची, काळा पडदा. फक्त सीपीयूवरचा लाल दिवा लुकलुकत होता, पण नेहमीसारखा भराभर नाही. एकदा. थांबला. दोनदा. बराच वेळ थांबला. एकदा.

तीनदा बघितल्यावर ओळखलं. ही चाल मला पाठ होती. एका बोटाने टाइप करणारं माणूस आधी अक्षर शोधतं, मग सापडल्यावर दाबतं. आमच्या घरात असं एकच माणूस टाइप करायचं.

आत्याआजी म्हणजे बाबांची आत्या. मागच्या खोलीत राहते. तिने चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी केली, लोक रिसीव्हर उचलून तिलाच नंबर सांगायचे त्या काळात. गावातले सगळे तीन आकडी नंबर तिला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी तिने ते कॉम्प्युटरवर लिहायला घेतले, प्रत्येकाच्या स्वभावासकट. "२१४ . बर्फाचा कारखाना . मालक आधी शिंकायचा मग बोलायचा ." पूर्णविरामाच्या आधी ती न चुकता जागा सोडायची. वाक्याला श्वास घेऊ दे की, म्हणायची.

वर्षभर ती रोज दुपारी बसली. आणि एके दिवशी मला नाचाच्या व्हिडिओंसाठी जागा हवी होती. "नंबर" नावाची फाइल दिसली. उघडली, शेवटची ओळ वाचली, आत्याआजीची आहे हे कळलं, आणि आकडे तर तिला पाठच आहेत म्हणून उडवली. दुसऱ्या दिवशी तिने ती संध्याकाळपर्यंत शोधली. बाबांनी मला विचारलं. मी म्हणाले, "मी हातसुद्धा लावला नाही."

आत्याआजी हसली. "मग मीच सेव्ह करायला विसरले असणार."

विसरण्याचा विषय आमच्या घरात त्या दिवशी आला आणि मुक्कामालाच राहिला. त्यानंतर तिचा चष्मा सापडला नाही की आई-बाबा एकमेकांकडे बघायचे. डॉक्टर झाले, गोळ्यांची डबी आली, गॅसजवळ चिठ्ठी लागली. आत्याआजीही स्वतःवर पाळत ठेवायला लागली. आता येत्या रविवारी तिला गावाबाहेरच्या एका वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं ठरलं होतं, आणि ते तिनेच सुचवलं होतं. मी भरवशाची राहिले नाही रे, तुम्ही दोघं कामावर असताना एखाद दिवशी घर पेटवेन, असं ती बाबांना सांगत होती. मी बाजूला बसून गणितं सोडवत होते. तिचं डोकं शाबूत होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

व्हिडिओ बंद करून मी कॉम्प्युटर धुंडाळला. "नंबर" जुन्या जागी होती. शेवटचा बदल झाल्याची वेळ माझ्या व्हिडिओच्या बरोबर मधली. एकशे एकपासून तीनशे अठ्ठ्याण्णवपर्यंत सगळे नंबर आले होते, पूर्णविरामाआधीच्या जागांसकट.

मी आनंदाने वेडीच झाले. फाइल परत आली, म्हणजे मला कुणाला काही सांगायला नको. धावत मागच्या खोलीत गेले. आत्याआजी टॉवेलची घडी घालत होती. आमचा जुना खेळ होता, मी नंबर म्हणायचे आणि माझं पुरं व्हायच्या आत ती घर सांगायची.

"आत्याआजी, दोनशे चौदा?"

"दोनशे चौदा काय?"

"अगं, बर्फाचा कारखाना."

"आपल्याकडे बर्फाचा कारखाना होता?" तिने कौतुकाने विचारलं.

मी हसले. मग हसू गेलं. "पाचशे बारा?"

"शिंपी," ती पटकन म्हणाली. "दोघे भाऊ, दोन दुकानं, फोन एकच. खिडकीतून एकमेकांच्या हातात द्यायचे."

गुरुवारी फाइल पाचशे चाळीसवर गेली. मी शिंप्यांबद्दल विचारलं. तिने माझ्याकडे सभ्यपणे बघितलं आणि विचारलं, कपडे शिवायचेत का तुला.

शुक्रवारी सकाळी मी प्लगच काढून ठेवला. दुपारी लावला तर फाइल सहाशे तीसवर होती. ती पुन्हा उडवायची म्हणून डिलीटच्या बटणावर बोट नेलं आणि परत घेतलं. या वेळी फाइलबरोबर काय जाईल ते मला माहीत नव्हतं. एकच उपाय लागू पडला. माउसवर हात ठेवून तो हलवत राहिलं की एकही अक्षर वाढत नव्हतं. झोपेपर्यंत मी तो हलवत बसले. बाबांना वाटलं गेम खेळतेय.

उडवण्याआधी वाचलेली शेवटची ओळ मला आठवत होती. "६६३ . आपलं घर ."

शनिवारी सकाळी फाइल सहाशे पन्नासवर होती. शाळेला निघताना मी आईला विनवलं की कॉम्प्युटरसमोर कुणीतरी बसा. तिला आत्याआजीची बॅग भरायची होती. आज तरी तुझी नाटकं पुरे, म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी पळत घर गाठलं. बूट न काढताच खुर्चीत बसले आणि माउस पकडला.

बाण हलेना.

मग हलला.

"६६३ . आपलं घर . भाचा , सूनबाई , आणि"

त्यापुढे काही नव्हतं.

मागच्या खोलीतून आत्याआजीचा आवाज आला. ती बाबांशी बोलत होती. आवाज फार गोड होता. एक्स्चेंजमध्ये लोकांशी बोलायची तो.

"नमस्कार. आपल्याला कोण हवंय?"

"आत्या, अगं मी," बाबा म्हणाले. "मी आहे."

ती दारात आली. बाबा आणि आई तिच्यामागे. तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा नेहमीसारखा खुलला.

"टिल्ले, आलीस? हे दोघं पाहुणे मघापासून उभे आहेत गं. पाणी तरी दे त्यांना."

आईच्या हातातली बॅग खाली टेकली.

मी वळून बोलायला गेले. हात क्षणभर थांबला. पंधरा मिनिटं नाही, क्षणभर. लाल दिवा एकदा लागला आणि "आणि"च्या पुढे एक मोकळी जागा पडली.

मी माउस पुन्हा गोल गोल फिरवायला लागले.

"बाबा, ती फाइल मी उडवली होती," मी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "आत्याआजी काहीच विसरली नव्हती, मी खोटं बोलले. उद्या ती कुठेही जाणार नाही. आणि मी या खुर्चीवरून उठणार नाही."