मायरनची गाडी

हिवाळ्यापुरती मोटरसायकल बंद करून ठेवायची म्हणजे एका दुपारचं काम. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आतून गंज चढत नाही. ऑइल बदलायचं, बॅटरी काढून घरात आणायची, सायलेन्सरच्या तोंडात उंदीर शिरू नयेत म्हणून चिंध्यांचा बोळा कोंबायचा. मी इथे डॉफिनमध्ये धान्याच्या कोठारांवर इलेक्ट्रिशियन आहे. असली कामं माझ्या हातचा मळ.

गाडी माझी नव्हती. माझा मेहुणा मायरन याची. उन्हाळ्यात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हापासून तो इथून तीनशे किलोमीटरवर विनिपेगच्या हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होता. मी म्हणत होतो, गाडी विकून टाकू.

"तो उठला की काय सांगू त्याला?" लेसिया, माझी बायको, म्हणाली. मग गाडी आमच्याच गॅरेजात राहिली.

शनिवारी सगळं उरकलं, कव्हर चढवलं, गॅरेजला कुलूप लावलं. रविवारी विसरलेला पाना आणायला गेलो, तर कव्हर खाली पडलेलं आणि टाकी अर्धी. फरशीवर गळतीचा थेंब नाही. चरफडत पुन्हा पेट्रोल आणलं, पुन्हा भरलं.

सोमवारी सकाळी पाहिलं तर टाकी परत अर्धी. बोळा बाहेर. ऑइल तपासलं. मी घातलेलं मधासारखं ऑइल काळंभोर झालं होतं.

"लेसिया, गाडी कोणी चालवतंय."

"बॅटरी फ्रीजवर आहे, ओरेस्ट. माझा डोळा आहे तिच्यावर."

"मग किल्ली कोणाला दिलीस?"

"किल्ली माझ्या उशाखाली असते." ती भांडी घासत राहिली. "तुझंच काहीतरी चुकलं असेल. घाईघाईत करतोस सगळं."

हे मात्र झोंबलं. सगळं पहिल्यापासून केलं. ऑइल, पेट्रोल, बोळा, कव्हर. कुलूपही नवं आणलं.

त्या रात्री पहिला बर्फ पडला. सकाळी गॅरेजपुढे तो अगदी साफ पसरला होता. पाऊल नाही, चाकाची रेघ नाही. दार उघडायला मलाच फावड्यानं वाट करावी लागली.

आत ऊब होती. कव्हर खाली. मी इंजिनावर हात ठेवला, तशी ओल्या हातमोज्यातून वाफ निघाली.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. एवढी मेहनत, आणि दर वेळी हे असं! मी टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल डब्यात काढलं. पाना लावून मागचं चाक खोललं. नट जाम होते, बोटं सोलवटली, तरी थांबलो नाही.

"जा आता कुठं जायचंय तिथं!" मी रिकाम्या गॅरेजात ओरडलो.

लेसिया दारात उभी होती.

"कोणाला म्हणालास?"

मी चाक उचलून तळघरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन थंडगार होतं. कव्हर जागच्या जागी. कितीतरी दिवसांनी कॉफीला चव लागली.

कप अजून हातातच होता, तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. या, एवढंच नर्स म्हणाली, कारण सांगेना. रस्ताभर लेसिया काचेबाहेर बघत होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, त्यांवर पातळ बर्फ.

मायरन होता तसाच पडलेला. श्वास संथ. रोवेना नावाची नर्स आम्हाला बघून उठली.

"तुम्ही घरची माणसं म्हणून विचारते," ती हळूच म्हणाली. "यांना काल रात्री कोणी बाहेर नेलं होतं का?"

"बाहेर? अहो, तो बोटसुद्धा हलवत नाही."

"तेच मी डॉक्टरांना सांगितलं."

तिनं पायांवरचं पांघरूण सारलं.

लेसियानं माझी बाही घट्ट धरली.

तळव्यांवर टपोरे फोड होते, काही फुटलेले. टाचा थंडीनं निळ्या पडल्या होत्या. आणि बोटांच्या फटींत गव्हाचं काड अडकलं होतं, अजून ओलं.